सिलिंडरची एक फोड

मी पोटासाठी हवा मोजते. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन खालीवर होत असताना आतली हवा कशी फिरते, कुठे गरगरते, कुठे अडून बसते, हे पुण्यातल्या एका कंपनीत बसून संगणकावर काढायचं, हे माझं काम. आमच्या भद्रावतीत हे सांगून कुणाला पटत नाही. गल्लीतल्या निम्म्या लोकांना मी गॅस एजन्सीत आहे असं वाटतं. उरलेल्यांना खरं सांगायला बसलं की चहा निवेपर्यंत ते मान हलवतात आणि शेवटी विचारतात, "मंग गाडी कवा बनवतं तू?" आता मी कुणाची समजूत दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नाही.

बाबांना मात्र समजवावं लागलं नाही. बाबा डिझेल मिस्त्री. हायवेला लागून आमचं घर, घराला लागून गॅरेज आणि मधे एकच भिंत. ट्रक, ट्रॅक्टर, धानाच्या दिवसांत मळणीची यंत्रं, सगळं त्यांच्याकडे यायचं. पंप आणि नोझल हे त्यांचं खास काम. नोझल म्हणजे सिलिंडरात डिझेलचा फवारा मारणारी बोटाएवढी वस्तू. तिच्या टोकाला केसासारखी बारीक भोकं असतात. ती साफ करून बसवली की गाडी चालू करायची, रेस द्यायची आणि सायलेन्सरपाशी वाकून धूर हुंगायचा. काळा असेल तर डिझेल जास्त, निळा असेल तर ऑइल जळतंय. पावसाळ्यात शटर अर्धं ओढून हे सगळं आतच चालायचं. संध्याकाळी बाबा घरात आले की आई आधी त्यांच्या नाकपुड्या बघायची आणि म्हणायची, "नाक हाये का धुराडं?" आम्ही दोघी बहिणी हसायचो. त्याच धुरावर आम्ही दोघी शिकलो, हे तेव्हा हसताना लक्षात नव्हतं.

मी इंजिनांच्याच मागे लागले याचा बाबांना भारी अभिमान. "मी भाईरून पाह्यलं, हे आतून पाहून राह्यली," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हरला ऐकवायचे.

आता माझ्या कामातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सिलिंडरमधली हवा संगणकावर मोजायची तर आतल्या जागेचे लाखो बारीक तुकडे पाडावे लागतात. प्रत्येक तुकड्यात हवेचा वेग किती, दाब किती, ती किती तापली, हे क्षणाक्षणाला काढायचं. ही हवा काही सरळ चालीची नसते. मोठा भोवरा असतो, त्याच्या पोटात लहान भोवरे, त्यांच्या पोटात आणखी लहान. संगणकांची रांग कामाला लावली तरी दिवसच्या दिवस जातात. म्हणून आमचे लोक एक युक्ती करतात. नोझलला आठ भोकं असतील तर आठ फवारे, आणि आठही सारखेच असणार. मग अख्खा सिलिंडर कशाला? टरबुजाची कापतात तशी त्याची एक फोड घ्यायची, तेवढीच मोजायची आणि बाकीच्या सात फोडी हुबेहूब तशाच आहेत असं धरायचं. फोडीच्या एका कडेने बाहेर गेलेली हवा दुसऱ्या कडेने परत आत सोडायची, म्हणजे गोल पुरा झाल्यासारखा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, आमचा अर्धा धंदा तिच्यावर चालतो. आणि बहुतेक वेळा परीक्षा बरोबर निघते. म्हणून तर सवय लागते.

आई गेल्यावर बाबा भद्रावतीत एकटे राहिले. बहीण अहेरीला शाळेत शिकवते, मी पुण्यात. गॅरेज बाबांनी दुसऱ्या मिस्त्रीला चालवायला दिलं होतं, पण ते होतं भिंतीपलीकडेच. दिवसभर गाड्यांना रेस बसायची आणि धूर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत यायचा. शेजारच्या काकू दोन वेळचं जेवण आणून द्यायच्या. पावसाळ्यात बाबांना फार खोकला झाला तेव्हा बहिणीने त्यांना चंद्रपूरला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. फुफ्फुसांतल्या नळ्या कायमच्या आखडल्या आहेत, असं निघालं. डॉक्टरांनी तोंडात मारायचा पंप लिहून दिला आणि बहिणीला स्पष्ट सांगितलं, "या धुरातून आणि धुळीतून यांना बाहेर काढा. येणारा हिवाळा त्या घरात नको."

"जनमभर पंपच केले, आता मलेच पंप लागला," असं म्हणून बाबांनी तो विषय हसण्यावारी नेला. घर सोडायला ते काही तयार होईनात.

बहिणीने माझ्यामागे लकडा लावला. तिचं म्हणणं, बाबा तब्येतीचं लपवतात, त्यांना लगेच हलवू. माझं म्हणणं, एवढी घाई नको. कारण मी रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की बाबांशी बोलायचे, आणि फोनवरचे बाबा ठणठणीत असायचे. खणखणीत आवाज, लांबलचक वाक्यं, वर माझीच चेष्टा. "तुही हवा बरोबर फिरून राह्यली का नाई? का तिलेबी सुट्टी?" व्हिडिओ लावा म्हटलं की म्हणायचे, कॅमेऱ्यात कचरा गेला. मी बहिणीला म्हणायचे, "तू महिन्यातून एकदा जातेस, मी रोज बोलते. माझ्याकडे रोजचा पुरावा आहे." पुरावा हा शब्द मी खरोखर वापरला होता. ती चिडून फोन ठेवायची आणि मला वाटायचं, मोठ्या बहिणींना काळजी करायची हौसच असते.

याच सुमारास ऑफिसात माझी नाचक्की झाली. माझ्या हिशेबाने नव्या इंजिनातली काजळी जवळपास सगळी आतल्या आत जळून जायला हवी होती. प्रत्यक्ष चाचणीत ते इंजिन भसाभसा धूर ओकत होतं. चाचणीवाले मला भेटले की खोकून दाखवायचे. मी फोड तीनतीनदा तपासली, चूक सापडेना. शेवटी साहेब म्हणाले, "फोड बाजूला ठेव. अख्खा सिलिंडर लाव." मी लावला. आता संगणक किती दिवस दळत बसणार याचा भरवसा नव्हता, आणि ते चालू असताना माणसाला तिथे काही काम नसतं. मी घरून काम करायची परवानगी काढली आणि बाबांना न कळवता भद्रावतीची वाट धरली. त्यांना चकित करायचं होतं.

नागपूरहून आलेल्या एसटीतून उतरले तेव्हा दुपार कलत होती. घराचं दार उघडंच होतं. बाबा दाराजवळच्या खुर्चीत, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पुढे झुकून बसले होते. मला पाहून डोळे मोठे झाले, हसलेही, पण तोंडातून शब्द नाही. हातानेच बस म्हणाले. मी विचारलं, "बाबा, काय झालं?" त्यांनी मान हलवली. मी पाणी दिलं, त्यांनी एक घोट घेतला आणि ग्लास बाजूला ठेवला. न सांगता आले म्हणून रागावलेत असं मला वाटलं. मी बडबडत राहिले, ते नुसते ऐकत राहिले. खांदे वर जात होते आणि खाली येत होते. भिंतीपलीकडे कुठल्याशा ट्रकला रेस देणं चालू होतं.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. मला पाहून आधी गालावरून हात फिरवला, मग सहज म्हणाल्या, "आता नाई बोलनार ते. संध्याकाळी तुहा फोन येते ना."

"फोनाचं काय, काकू?"

बाबांनी काकूंकडे असं पाहिलं की एरवी कुणीही गप्प बसलं असतं. काकू बसल्या नाहीत. "दुपारचा चहा झाला का बोलनं बंद करतेत. कोनी आलं तरी हातानंच सांगतेत. हालत नाई, डुलत नाई. दम जमा करतेत बाप्पा. मंग तुहा फोन आला का जवान पोट्ट्यावानी बोलतेत. अन् फोन झाला का मंग पाहवत नाई, पोरी."

मी बाबांकडे पाहिलं. ते खिडकीकडे बघत होते.

त्या संध्याकाळी फोन करायची गरजच नव्हती, मी समोरच बसले होते. तरी रोजच्या वेळेला बाबा खाटेवर ताठ बसले आणि फोनवरच्या आवाजात मला म्हणाले, "काऊन वं, जेवली का? पुण्यात लय पाऊस झाला म्हनतेत यंदा." एका दमात, अख्खं वाक्य. तोच खणखणीत आवाज. मला वाटलं होतं तो आवाज म्हणजे बाबा. पाचेक मिनिटं त्यांनी तो ओढला. काकू खोटं बोलतात हेच त्यांना सिद्ध करायचं असावं. मग एका वाक्याच्या मधेच तो तुटला. ते खाटेच्या कडेला वाकले, तोंड उघडं, गळ्याखाली खड्डा पडलेला, आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज. मी पंप शोधत होते आणि तो मला सापडत नव्हता, कारण तो कुठे ठेवतात हे मला माहीत नव्हतं. काकूंनी येऊन उशीखालून काढून दिला.

मी रोज त्यांच्या दिवसाची एक फोड घेत होते आणि बाकीचा गोल तसाच असणार असं धरून चालले होते. वर बहिणीला ऐकवत होते. आणि ही फोड तर मुद्दाम माझ्यासाठी तयार केलेली होती. इंजिन निदान तेवढा कावेबाजपणा तरी करत नाही.

मला राग आला. आधी स्वतःचा यायला हवा होता, पण आला बाबांचा. ते जरा सावरल्यावर मी ओरडलेच, "नाटक काऊन केलं बाबा? कोणासाठी?"

बाबा तुकड्या-तुकड्याने बोलले. "तू... काम सोडून... आली असती." मग थोडं थांबून, "शिकवलं... कायले मंग?"

"अन् काही झालं असतं तर?"

"झालं... नाई ना."

मी स्वयंपाकघरात जाऊन खिडकी बंद केली आणि तिथेच उभी राहून रडले. खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं तर काजळीने काळं झालं. मी हिच्याबद्दल पगार घेऊन अहवाल लिहिते, आणि माझ्या घरात ती चौकटीवर बसलेली.

दुसऱ्या दिवशी मी बहिणीला फोन करून सगळं सांगितलं. ती मला काहीतरी टाकून बोलेल, अशी माझी अपेक्षा होती. तिने फक्त विचारलं, "आता तरी नेऊ या ना?" त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

पण न्यायचं कुठे? पुण्यात माझ्याकडे दवाखाने ढीगभर, पण घर चौथ्या मजल्यावर, रस्त्याला लागून, आणि मी दिवसभर ऑफिसात. अहेरीला बहिणीकडे जंगलाची हवा, घरात माणसांचा राबता, पण दम जास्तच लागला तर चंद्रपूरपर्यंतचा तो लांब रस्ता. एकीकडे हवा नाही, दुसरीकडे दवाखाना नाही. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, दोन्हीत जोखीम आहे, घरच्यांनी ठरवावं. घरच्यांना ठरवता येत नाही म्हणून तर डॉक्टरांकडे जातात.

बाबा तिसरंच म्हणत होते. "मले... माह्या घरातून... काऊन काढता?"

त्या दिवसांतच अख्ख्या सिलिंडरचा हिशेब पुरा झाला. मी खाटेवर बाबांच्या शेजारी बसून लॅपटॉप उघडला. पडद्यावर पहिल्यांदाच पूर्ण गोल होता. हवा आत येते ते दोन्ही रस्ते एकाच बाजूला असल्यामुळे भोवरा मधोमध नव्हताच. तो एका अंगाला कलला होता, आणि त्याच्या पलीकडच्या अंगाला हवा जवळजवळ उभीच होती. तिथे दोन फवाऱ्यांची काजळी न जळता साचून राहिली होती, मोठा काळा डाग. माझ्या फोडीत तो दिसणं शक्यच नव्हतं, कारण मी भोवरा मधोमध आहे असं गृहीत धरून सगळ्या फोडी सारख्या केल्या होत्या.

बाबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता ते छातीला हात लावून काहीतरी बोलतील आणि मला ते ऐकवणार नाही. त्यांनी विचारलं, "कोन्त्या... गाडीचं हाये?"

मला हसू आलं आणि हसता हसता पुन्हा रडू आलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. पलीकडे परत रेस बसली, बंद खिडकीच्या फटीतूनही वास आला आणि बाबांना खोकल्याची अशी उबळ आली की लॅपटॉप खाली घसरला. ती शमल्यावर त्यांनी डोळे पुसले, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मोठीकडं... चाल. पुन्याले... नाई येत. तिथी... तू एकटी पडशीन."

ते माझ्यासाठी अहेरीला निघाले होते की हवेसाठी, हे मी विचारलं नाही. निघायला तयार झाले एवढंच धरून ठेवलं.

बहीण गाडी करून आली. बाबांना पुढच्या सीटवर बसवलं. गॅरेजच्या मिस्त्रीने बाहेर येऊन "जय भीम, मिस्त्री" म्हटलं, बाबांनी हात जोडले. गाडी वळेपर्यंत त्यांची नजर शटरवर खिळली होती. आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडला, पुढे आलापल्लीकडे सागवान सुरू झाला तशी बहीण म्हणाली, "काच खाली करा बाबा, हवा पाहा कशी मस्त हाये." बाबांनी काच खाली केली. हवा खरंच चांगली होती, पण ती आत घ्यायला त्यांच्याकडे जागा नव्हती. तोंड उघडं ठेवून ते ती चेहऱ्यावर नुसती लागू देत होते. मी मागे बसून त्यांचे खांदे मोजत होते, वर, खाली, वर, खाली. आपण त्यांना फार उशिरा काढलं, हे मला तिथेच कळलं.

अहेरीहून निघताना मी त्यांना एकच सांगितलं. "फोनवर नाटक नाही, बाबा. जसा असेल तसा आवाज. मीही आता ठरलेल्या वेळेला करणार नाही, केव्हाही करीन."

"मंग... बोलू काय?"

"जे निघेल ते."

पुण्यात परतले. अख्ख्या सिलिंडरचं साहेबांनी कौतुक केलं, पिस्टनचा आकार बदलायचं ठरलं आणि पुढच्या इंजिनासाठी मला सांगितलं, "एवढा वेळ आपल्याला परवडत नाही. यावेळी फोडच घे." मी वाद घातला, हरले. फोड घेतली.

बाबांचे फोन मात्र अवघड झाले. वेळ ठरलेली नसल्यामुळे त्यांना दम जमवता येईना, म्हणून ते फोनच घेईनात. कधी बहीण उचलायची, "झोपलेत." कधी नुसतीच रिंग वाजून जायची. बहीण सांगायची, सकाळी अंगणात बसतात, रात्री त्रास होतो, एखादा दिवस बरा, एखादा वाईट. हिवाळा उतरत आला होता. नाटक बंद करायला सांगून मी त्यांचा माझ्याशी बोलायचा एकुलता एक रस्ताही बंद केला की काय, या विचाराने माझं कामात लक्ष लागत नव्हतं.

मग एक दिवस दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मी असाच फोन लावला. उचलला गेला. "बाबा?" पलीकडून शब्द आला नाही. श्वास येत होता. आत ओढलेला, अडलेला, शिट्टी वाजवत बाहेर पडलेला. एकदा वाटलं ते फोन ठेवतील. एकदा वाटलं आता तो खणखणीत आवाज येईल.

"दम..." बाबा म्हणाले. बराच वेळ काही नाही. "लागून..." परत श्वास, परत शिट्टी. "राह्यला."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हे मला सांगितलं होतं. पडद्यावर नव्या इंजिनाची फोड गरगरत होती. मी तिच्याकडे पाठ केली आणि म्हटलं, "बोलू नका बाबा. पण फोनही ठेवू नका." त्यांनी ठेवला नाही. सुट्टी संपून लोक परत जागेवर आले तरी मी फोन कानाला लावून बसले होते, आणि पलीकडे बाबा श्वास घेत होते.